शेतातून गॅसची पाइपलाइन जाणार आहे, जमीन आपली राहते का? मोबदला किती? धोका असतो का?

जमीन तुमचीच राहते. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने कंपनी फक्त वापर हक्क (जमिनीखालून लाइन टाकण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क) घेते, त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात लागते. मोबदला लाइन जाते त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के, पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. हे १० टक्के म्हणजे शेतकऱ्यावर सरळ अन्याय आहे. त्या पट्ट्यात पुढे विहीर नाही, शेततळं नाही, घर नाही, झाड नाही. कांदा, गहू घ्या, डाळिंब विसरा.

पण पैशापेक्षा मातीकडे लक्ष द्या. आमच्याकडे (नाशिक जिल्हा) लाइन आली तेव्हा आमचे दाजी भावकीत सांगत फिरायचे, "सरकारी काम आहे, सह्या करा आणि मोकळे व्हा." त्यांनी स्वतः रानात न जाता पंचनाम्यावर सही केली. मी एकेक झाड मोजून, त्याचं वय लिहून घेतलं, मगच सही केली.

मग जेसीबी आला. आमच्या रानात वर हात-दीड हात काळी माती, खाली मुरूम. ऑपरेटर दोन्ही एकाच ढिगात टाकायला लागला. मी बकेटसमोर जाऊन उभा राहिलो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काका, एवढा वेळ नाही आमच्याकडे." म्हटलं, तुमच्या साहेबाला बोलवा. दुपारी कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने बांधावर बसून कामाच्या अटी वाचल्या आणि काळी माती वेगळी ठेवायला लावली. बुजवताना मुरूम आधी, काळी माती वर. आज त्या पट्ट्यातला कांदा बाकी रानासारखाच येतो. दाजींच्या रानात पट्टा रस्त्यावरून ओळखू येतो, पीक पिवळं आणि पावसाळ्यात पाणी तुंबलेलं.

दाजी अजून म्हणतात, मला पैसे आधी मिळाले आणि तू सरकारी काम अडवलंस. पैसे आधी मिळाले, हे खरं. पण अडवणूक कसली? सरकारच्या अधिसूचनेनंतर २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेला अधिकारी) लेखी हरकत घेता येते, मोबदला पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे त्याच कायद्यात लिहिलंय. केरळात कोची–मंगळुरू लाइनला कोळिकोडकडे लोकांनी विरोध केला, तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या सरकारने मोबदला वाढवला. मुकाट सह्या केल्या असत्या तर वाढला असता?

धोका असतो. जून २०१४ मध्ये आंध्रात नगरमला ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीची लाइन फुटून आग लागली, गावातली माणसं गेली. मोठ्या लाइनमधल्या गॅसला बहुधा सिलिंडरसारखा वास नसतो. त्यामुळे जमिनीतून फुसफुस आवाज आला किंवा एकाच जागी गवत विनाकारण वाळलं, तर लांब व्हा आणि लाइनवरच्या मार्कर खांबावरच्या नंबरला फोन करा. तो खांब नांगरताना आड येतो म्हणून उपटू नका.

हे सगळं मोठ्या लाइनचं सांगितलं. शहरात घरोघरी गॅस देणाऱ्या लाइनचं प्रकरण वेगळं. आणि तुमच्या पट्ट्यात आधीच विहीर असेल तर वकील गाठा, हरकतीची मुदत संपायच्या आत.

घरात कोणी "सही कर, मोकळा हो" म्हणणारं असेल तर त्यांना आधी रानात न्या. पंचनाम्यात झाडं, ठिबक, बांध सगळं आलंय का बघा, प्रत हातात घ्या, खोदाईआधीचे फोटो काढून ठेवा.