42 हजारांचं टेबल आणि फॉर्ममधला एक ‘नाही’

प्रश्न: मी 41 वर्षांचा, पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं, रोजचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली, एमआरआयमध्ये एल-4 एल-5 ची चकती सरकल्याचं निघालं. फिजिओथेरपीने बरं वाटलं, पण अधूनमधून दुखतं. आता बटणावर वर-खाली होणारं स्टँडिंग डेस्क घ्यायचं मनात आहे. किंमत 42,000, नो-कॉस्ट ईएमआय महिना 3,500. रोज चार तास उभं राहून काम केलं तर वर्षात पाच-सहा किलो वजन उतरेल, पाठ सुधारेल आणि पुढचा दवाखाना वाचेल, असा माझा हिशोब. विम्याची काळजी नाही. कंपनीचा 5 लाखांचा आहे, शिवाय मावसभावाकडून 10 लाखांची फॅमिली फ्लोटर घेतली (हप्ता 24,000), पॉलिसी आठवड्यापूर्वीच आली. पाठीचं लिहिलं तर प्रस्ताव नाकारतात म्हणून त्याने ते लिहिलं नाही. पाच वर्षं झाली की कोणी विचारत नाही, असं तो म्हणाला. तर डेस्क ईएमआयवर घ्यावं की रोख?

उत्तर:

टेबलाचं शेवटी सांगतो, त्याला घाई नाही. घाई आहे ती मावसभावाने जे लिहिलं नाही त्याची.

आज संध्याकाळी पॉलिसीची पीडीएफ उघडा. तिच्या मागे तुमच्या प्रस्तावाची प्रत जोडलेली असते. हाडं, सांधे, मणका यांचा काही त्रास आहे किंवा होता का, अशा अर्थाचा एक प्रश्न तिथे सापडेल आणि त्यापुढे ‘नाही’ असेल. हा ‘नाही’ मावसभावाचा नाही, तुमचा आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही त्याला सांगितलात, तीच तुमची सही झाली.

असा ‘नाही’ पुढे कसा उघडा पडतो हे मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबातल्या गृहस्थांना छातीत दुखतं म्हणून रात्री ॲडमिट केलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, बीपी आहे का, कधीपासून? पत्नीने खरं ते सांगितलं, “चार वर्षं झाली, गोळी चालू आहे.” ते केसपेपरवर लिहिलं गेलं. पॉलिसी दोन वर्षांची होती आणि प्रस्तावात बीपीपुढे ‘नाही’ होतं. आधी कॅशलेस नाकारलं, मग क्लेमही. पावणेचार लाखांचं बिल एफडी मोडून भरलं. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. दवाखान्यात खरंच सांगायचं असतं, उपचार त्यावर ठरतात. उद्या तुमची पत्नीही खरंच सांगेल.

फ्लोटर म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी, त्यामुळे प्रश्न तुमच्या एकट्याच्या कंबरेचा राहत नाही. माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसी रद्द झाली तर घरातल्या सगळ्यांचं संरक्षण एका दिवसात जातं. वर, पूर्वी कोणत्या कंपनीने तुमची पॉलिसी रद्द केली होती का, हा प्रश्न पुढच्या फॉर्मवर तुमची वाट बघत असतो.

‘पाच वर्षांनंतर कोणी विचारत नाही’ हे अर्धं वाक्य आहे आणि एजंट मंडळी ते बेधडक विकतात याचा मला मनापासून संताप येतो. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, इथवर खरं. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. कपाटात एमआरआयची फिल्म, फिजिओच्या पावत्या आणि फॉर्मवर जाणूनबुजून ‘नाही’, याला फसवणूक म्हणायचं की विसर, हा वाद कंपनीच्या वकिलांशी घालायची वेळ स्वतःवर आणू नका. शिवाय ही चकती पाच वर्षं शांत बसेल याची हमी कोण देणार?

आता हे लपवून मिळालं काय ते बघू. आधीपासूनच्या आजाराचा क्लेम देण्यासाठी विमा कंपनी तुम्हाला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबवू शकते. पण मणक्याच्या बऱ्याचशा आजारांना सगळ्याच ग्राहकांसाठी 2 वर्षांची प्रतीक्षा बहुतेक पॉलिसींमध्ये असतेच. म्हणजे एवढी जोखीम घेऊन कमावलंत जेमतेम एक वर्ष! आणि त्या काळात तुमच्या नोकरीतला 5 लाखांचा विमा आहेच. ग्रुप पॉलिसीत जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तुमच्या पॉलिसीत तसं आहे का, हे एचआरला मेल करून लेखी घ्या.

खरं सांगितल्यावर हप्ता वाढेल, ही भीती असेल. समजा 20 टक्के वाढला: 24,000 चे 28,800, म्हणजे महिन्याला 400 रुपये जास्त. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. त्याआधी याच हप्त्याला तुम्ही सव्वाअठ्ठावीस हजार मोजले असते. टेबलासाठी महिना 3,500 द्यायला तयार आहात, मग हे 400 जड नाहीत.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमचे तीन आठवडे शिल्लक आहेत. मेल थेट विमा कंपनीला करा, मावसभावाकडे सोपवू नका. झालेल्या दिवसांचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीचे पैसे परत येतात. मग नवा प्रस्ताव स्वतः बसून भरा आणि एमआरआयचा रिपोर्ट जोडा. एखादी कंपनी नाकारेल, दुसरी जास्त हप्त्यावर घेईल. एखादी मणका वगळून बाकी सगळं देईल आणि दुसरा पर्याय नसेल तर तेही घ्या. डेंग्यू, हृदय, कॅन्सर यांचा तुमच्या कंबरेशी संबंध नाही. सगळ्यांनीच नकार दिला तर नोकरी सोडण्याच्या बऱ्याच आधी, ग्रुप विमा देणाऱ्या कंपनीकडे त्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का ते विचारा.

मावसभाऊ नाराज होईल, त्याचं कमिशन जाईल. त्याला समोर बसवून सांगा, फोनवर नको. त्याने इतर नातेवाइकांचे फॉर्म असेच भरले असतील तर त्यांनाही कळायला हवं.

आता टेबल. बसण्याऐवजी उभं राहिल्याने तासाला आठ-नऊ कॅलरी जास्त जळतात. चार तासांच्या झाल्या पस्तीस, म्हणजे अर्धी पोळीसुद्धा नाही. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तरी कागदावर जेमतेम एक किलो. सहा किलोंची आशा सोडा. आणि चार तास एका जागी उभं राहणं शरीराला मानवतं असंही नाही. केरळमध्ये कपड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी लढा दिला तेव्हा 2018 मध्ये तिथल्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. पाय सुजणं आणि शिरा फुगणं त्या बायकांनी भोगलेलं आहे. तुम्हाला गरज आहे ती दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून हालचाल करण्याची, आणि ती फुकट आहे.

नो-कॉस्ट ईएमआयही पूर्ण फुकट नाही. व्याजाएवढी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर पडते. 42,000 ला हजारेक रुपये धरा. रोखीने घेतल्यास सूट मिळते का, तेही दुकानदाराला विचारा.

आधी दीड महिना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काम करून बघा. ओटा थोडा बुटका पडेल. त्यावर एकावर एक दोन पाट ठेवून कीबोर्ड कोपराच्या उंचीला आणा आणि लॅपटॉप डब्यांवर चढवून स्क्रीन डोळ्यांसमोर घ्या. एका वेळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. दरम्यान फिजिओकडे आठ-दहा वेळा जा. सहाशेच्या हिशोबाने सहा हजारांत होईल आणि तुमच्या चकतीला उभं राहणं सोसेल का, हेही तिथेच कळेल. दीड महिन्यानंतरही रोज ओट्यापाशी जात असाल तर टेबल जरूर घ्या. हाताने फिरवायचं मॉडेल बघा, ते स्वस्त पडतं, आणि पैसे रोख द्या.