पाहिलंस तेच लिही

प्रिय पोरी,

काल सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, निघताना तुझा चेहरा उतरला होता. "सर, छापलेलं आहे ना, मग चालत का नाही?" असं तू विचारलंस. मी चिडलो, ते चुकलंच. पण मुद्दा सोडणार नाही.

काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्याला तू तुझ्या प्रबंधाच्या प्रकरणात तळटीप दिलीस: 'जनता', मार्च १९३०. अगं, बाबासाहेबांचं 'जनता' पत्र निघालं तेच २४ नोव्हेंबर १९३० ला! त्यांचंच आधीचं 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्येच बंद पडलेलं. म्हणजे सत्याग्रहाच्या पहिल्या दिवसांच्या बातम्या इतरांच्या पत्रांतून शोधायच्या, आणि त्या कोणत्या बाजूने लिहिल्यात तेही पाहायचं. तुझ्या प्रकरणाचा जीव तिथे होता. 'जनता'चा अंक तू पाहिलाच नाहीस, तो आधार एका स्मरणिकेतून उचललास. मग स्मरणिकाच लिही ना! पाहिलंस तेच लिही.

स्मरणिका, गौरवग्रंथ टाकाऊ नसतात. पण तिथला लेखक पंगतीला बसलेला असतो, आमटी खारट झाली असं तो म्हणणार नाही.

आणि 'नाशिक गॅझेटियर' म्हणजे कोणतं? १८८३ चं इंग्रजांनी कारभारासाठी जिल्ह्याची माहिती जमवून केलेलं, की १९७५ चं महाराष्ट्र शासनाचं? पुनर्मुद्रणावरचं नवं साल बघून फसू नकोस, आतलं पान उलट. तू कोणतं पाहिलंस? तेच लिही.

हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या प्रबंधात एका विधानाला मी ऐटीत तीन आधार दिले होते. पुढे कित्येक वर्षांनी तिन्ही पुस्तकं शेजारी मांडली, तर तिघांतही एका गावाच्या नावात छपाईची तीच चूक! दोघांनी पहिल्याची नक्कल केलेली. साक्षीदार एकच, आणि मी तीन मोजले. प्रबंध अजून त्या कपाटात आहे. तेव्हा झेरॉक्सला पैसे नव्हते, वेळ नव्हता... असो, सबबच ती.

पैसे भरून आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकाचं मात्र मी कधी तोंड पाहिलं नाही. बढती लांबली, घरी बोलणी खाल्ली. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक. लेख कुणी जाणत्याने तपासला, याची ती पावती नव्हे. मी हटवादी होतो म्हणतात. म्हणोत.

सोमवारी ती स्मरणिका घेऊन ये. त्या लेखकाने तरी 'जनता'चा अंक पाहिला होता का, ते आधी बघू. चहा माझ्याकडून.

तुझा,
सर