जुन्या मियाटात घरच्या घरी दुसरं इंजिन बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेत राहता, 1990 ची माझदा मियाटा (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स गाडी) स्वस्तात मिळाली आहे, गाडी ओढत नाही आणि इंजिनाच्या पुढची पुली डुलताना दिसते. घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे. तेव्हा जुनं इंजिन काढून होंडाचं के-24 किंवा शेवरलेचं व्ही-8 घरीच बसवावं का? याआधी तुम्ही क्लच प्लेटसुद्धा बदललेली नाही.

बसवता येईल, आणि घरच्या गॅरेजात बसवता येईल. पण पहिल्याच खेपेला के-24 नको, व्ही-8 तर अजिबात नको. 1994 ते 1997 या वर्षांच्या मियाटातून निघालेलं 1.8 लिटरचं इंजिन शोधा आणि ते घाला. मी मिशिगनमध्ये राहतो, माझीही गाडी 1990 चीच, आणि हेच काम मी केलंय. शिवाय एका मित्राच्या मियाटात के-24 बसवताना सात-आठ महिने दर शनिवारी त्याच्या हाताखाली होतो. दोन्ही कामांत हात काळे झालेत, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

आधी पुलीचं बघू. 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या 1.6 लिटर इंजिनांचा हा ओळखीचा आजार आहे. त्यांच्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुली बसते ते पुढचं टोक आखूड असतं. मागे कधीतरी टायमिंग बेल्ट बदलताना कुणी मधला बोल्ट नीट आवळला नसेल, तर टोकावरची चावी (पुली दांड्यावर घसरू नये म्हणून घातलेला छोटा धातूचा तुकडा) तिच्या खाचेत हलायला लागते. हलता हलता खाच रुंदावते, पुली डुलते, टायमिंग मागेपुढे होतं आणि गाडीचा दम जातो. माझ्या गाडीचा बोल्ट काढला तेव्हा चावी एका बाजूनं पार झिजून पातळ झाली होती आणि खाच बोटाच्या नखाला लागेल इतकी रुंद झाली होती. तुमची गाडी त्यातली आहे का हे ओळखायला पुलीच्या मधल्या भागातल्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर पुढे सुधारलेलं लांब टोक. झीज थोडी असेल तर लॉकटाइट (धातू पक्का धरणारा गोंद) भरून, नवी चावी घालून अनेकांनी अशी इंजिनं पुढे वर्षानुवर्षं चालवली आहेत. ते काम एका दिवसाचं आहे. इंजिन बदलायच्या आधी हा पर्याय तुमच्या गाडीला चालतो की नाही ते नीट तपासून घ्या.

आता के-24 का नको. इंजिन म्हणून ते फार उत्तम आहे. 2004 च्या ॲक्युरा टीएसएक्समधलं 2.4 लिटरचं इंजिन 200 अश्वशक्ती देतं. तुमच्या 1.6 ची नवी असतानाची ताकद 116 होती. साधारण एक टनाच्या गाडीत 200 म्हणजे काय, ते मित्राच्या गाडीत बसून पाहिलंय. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मान सीटला टेकते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्यामुळे नाकावर वजनही चढत नाही. पण होंडात हे इंजिन आडवं बसतं आणि मियाटात ते उभं, म्हणजे लांबीत बसवायचं असतं. तिथून पुढे साखळी सुरू होते. जुना गिअरबॉक्स जोडायला मध्ये ॲडॉप्टर प्लेट लागते. ऑइलचा संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) वेगळा, इनटेक मॅनिफोल्ड वेगळा, एक्झॉस्ट वेगळा, इंजिन ज्यावर टेकतं ती सबफ्रेम वेगळी. पाण्याचे पाइप नव्यानं वळवायचे, होंडाच्या ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) माझदाच्या मीटरशी ओळख करून द्यायची. हे सगळं किटमध्ये विकत मिळतं, पण एवढं करून इंजिन चालू झालं की ताकद मागच्या डिफरेन्शियलवर, म्हणजे ती दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येते. 1.6 च्या गाडीतलं डिफरेन्शियल लहान, सहा इंची आहे; वाढलेल्या ताकदीखाली त्याचे गिअर तुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मग 1994 नंतरच्या गाडीचं सात इंची डिफरेन्शियल, त्याचे ॲक्सल, त्याचा प्रोपेलर शाफ्ट. त्यानंतर पाच गिअरचा बॉक्स कुरकुरायला लागतो. माझ्या मित्राचं इंजिन दोन महिन्यांत जागेवर बसलं होतं. उरलेले सगळे महिने इंजिनाला जोडलेल्या गोष्टींत गेले, आणि तो व्यवसायानं मशिनिस्ट आहे.

व्ही-8 ची ओढ मला कळते. छोट्या हलक्या गाडीत मोठं इंजिन घालण्याचा हा खेळ जुना आहे. कॅरोल शेल्बी या अमेरिकी रेसरनं 1962 मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीच्या गाडीत फोर्डचं व्ही-8 घालून कोब्रा केली. नंतर सनबीम अल्पाइनमध्ये तसंच इंजिन घालून 1964 मध्ये सनबीम टायगर निघाली. त्या टायगरमध्ये जागा इतकी कमी होती की एक स्पार्क प्लग बॉनेटखालून हाती लागतच नव्हता; त्यासाठी फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याला) भोक ठेवलं होतं आणि गाडीत बसायच्या बाजूनं हात घालून तो प्लग काढावा लागे. कारखान्यातून निघालेल्या गाडीची ही गत, तर घरी काय काय अडेल याचा अंदाज करा. मियाटाबद्दल माझं आणखी एक मत आहे. ती आखणाऱ्या तोशिहिको हिराई यांच्या चमूनं 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे सूत्र धरून गाडी बांधली. पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं वजन त्यासाठीच ठेवलं. पुढे वजन वाढवलं की वळणावर स्टीअरिंग हातात जे बोलतं ते बदलतं. ज्या गुणासाठी गाडी घेतली तोच आपण कमी करतो, असं मला वाटतं.

1.8 मात्र त्याच घराण्यातलं आहे. इंजिनाची बैठक तीच, जुना गिअरबॉक्स थेट जुळतो, रेडिएटर तोच चालतो. ताकद 1994-95 च्या इंजिनाची 128, पुढच्या दोन वर्षांची 133. आकडा लहान वाटेल, पण खालच्या आरपीएमला ओढ वाढते आणि चढावर ते लगेच जाणवतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील 1.8 चंच घ्या, ते व्यासानं मोठं आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याखालचा पाइपही 1.8 चाच लागतो.

कामाबद्दल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप होतं, शाळेच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. मामांची एक शिस्त होती: काढलेला बोल्ट ट्रेमध्ये टाकायचा नाही, भाग बाजूला केला की तो बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेवायचा. जिथे ते जमत नाही तिथे प्लास्टिकची पिशवी आणि वर मार्करनं नाव. प्रत्येक वायरच्या प्लगला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून एकच आकडा घाला, आणि सोडायच्या आधी फोटो काढा. पाच महिन्यांनी तुम्हाला यातलं काहीही आठवणार नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढा, ते सोपं पडतं. गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर ठेवा; नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पेट्रोलच्या लाइनमधला दाब आधी सोडवून घ्या. एसीचा कॉम्प्रेसर पाइप न उघडता बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो. गॅस हवेत सोडणं इथे गुन्हा आहे, आणि गरजही नाही. क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही (पेडलचा दाब क्लचला पोचवणारा) तसाच, दोन बोल्ट काढून लटकवा. गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत जी लांब ॲल्युमिनियमची पट्टी जाते ती काढण्याआधी दोन्ही टोकांना आधार द्या. आमच्याकडे मामा चेन-कप्पी वापरायचे, इथे स्वतःच्या पायांवर उभा राहणारा हायड्रॉलिक होइस्ट (इंजिन उचलायची छोटी क्रेन) भाड्यानं मिळतो. त्याच्याबरोबर लेव्हलर (टांगलेलं इंजिन हवं तसं तिरपं करणारा दांडा) घ्याच, कारण इंजिन बरंच तिरपं करून वर घ्यावं लागतं. तिरपं झालं की गिअरबॉक्सच्या शेपटातून ऑइल ओघळतं. तिथे आधीच पिशवी चढवून रबर बांधा.

इंजिन बाहेर असताना मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि फायरवॉलकडचे हीटरचे होज बदलून घ्या. ते होज गाडीत असताना बदलायला हात जात नाही.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना घाई केली तर महागात पडते. क्लच प्लेट मधोमध बसवायला प्लास्टिकचा डमी शाफ्ट मिळतो, तो वापरा. दोन्ही हातांनी ढकलून तोंडाला तोंड टेकलं पाहिजे. बोटभर फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवायला गेलात, तर क्लच प्लेट वाकते किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो. फट राहिली की मागे घ्या, शाफ्ट थोडा फिरवा, पुन्हा ढकला. मला यात दुपार गेली आणि शेवटी बसताना नुसता 'टप्' असा मऊ आवाज आला.

वायरिंगसाठी मी जुन्या जोडणीत थेट बसणारा मेगास्क्वर्ट हा बाहेरचा, आपल्याला हवा तसा जुळवता येणारा ईसीयू घेतला. त्यामुळे जुना झडपेचा एअरफ्लो मीटर काढता आला. त्याऐवजी हवेच्या तापमानाचा सेन्सर लावला आणि थ्रॉटलच्या सेन्सरच्या तारा जुळवून घेतल्या. चूक झाली ती फार साध्या जागी. पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा इंजिन आळसावल्यासारखं अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. बॅटरी चार्ज केली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी जळक्या प्लास्टिकचा वास आला. हात लावून बघितलं तर ॲक्सिलरेटरची केबल तापली होती. मियाटाची बॅटरी डिकीत असते, तिचं निगेटिव्ह टोक बॉडीला जातं, आणि बॉडी ते इंजिन अशी अर्थची वायर मी जोडायलाच विसरलो होतो. स्टार्टरचा सगळा करंट त्या बारीक केबलमधून वाट काढत होता. वायर समोरच्या खिळ्यावर, मीच नाव लिहिलेल्या पिशवीत होती. ती आणि नवी केबल लावल्यावर इंजिन दुसऱ्या फेऱ्यात पेटलं. पेटवण्याआधी कॉइल आणि इंजेक्टरचे प्लग काढून स्टार्टर मारत राहा, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचतं. 1990 च्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवतो. तो वर उचलला की मगच प्लग लावा.

खर्चाचं म्हणाल तर मला इंजिन 700 डॉलरला पडलं, सील-बेल्ट-क्लच-होज यांना साधारण 900, ईसीयूला आणखी तितकेच. के-24 चं किट, इंजिन, ईसीयू आणि डिफरेन्शियल धरलं तर दहा हजार सहज ओलांडतात. वेळ मी दोन आठवडे धरला होता. ऑक्टोबरात सुरू केलेलं काम मार्चमध्ये संपलं.

तुम्ही कोणत्या राज्यात राहता ते लिहिलेलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. कॅलिफोर्नियात नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, धूरनियंत्रणाची त्या इंजिनाची सगळी मूळ सामग्री लागते आणि सरकारी रेफरी तपासून शिक्का देतो. तिथे माझ्यासारखा ईसीयू चालणार नाही, 1.8 चा मूळ ईसीयू आणि वायरिंग सोबत घ्यावं लागेल. भारतातून कुणी हे वाचत असेल तर त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आधी वाचावा. तिथे दुसऱ्या जातीचं इंजिन घातलेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा ठरतं.

1.8 बघायला जाल तेव्हा 21 मिलिमीटरची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा बरोबर न्या. चारही स्पार्क प्लग काढायला सांगा आणि पुलीच्या बोल्टवरून इंजिन घड्याळाच्या दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडकलं तर घेऊ नका. ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा: मधासारखा पिवळसर रंग चालेल, काळा चिखल किंवा दुधाळ साय दिसली तर सोडून द्या. इंजिन अजून गाडीतच असेल तर कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या आणि चारही आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.