दुर्लक्ष, काणाडोळा की डोळेझाक?

‘दृश्य अवधानामुळे मेंदू अनावश्यक गोष्टींकडे दुर्लक्ष करतो’ हे वाक्य प्रश्नकर्त्याला खटकलंय. दुर्लक्ष हा तर दोष. त्याऐवजी काणाडोळा किंवा डोळेझाक चालेल का, असं त्यांनी विचारलंय. (दृश्य अवधान म्हणजे डोळ्यांसमोरच्या गोष्टींकडे लक्ष देणं.)

नाही चालणार. काणाडोळा करायला गोष्ट आधी दिसावी लागते. विद्यार्थी कॉपी करताना पर्यवेक्षकाला दिसला, कळलं, तरी त्याने सोडून दिलं, हा काणाडोळा. डोळेझाकीला तर संगनमताचाही वास येतो. अवधानाची निवड बरीचशी या ‘कळण्या’च्या आधीच उरकलेली असते.

संध्याकाळी दादरच्या पुलावरून उतरताना आपण इंडिकेटर शोधतो. समोर जाहिराती, पाट्या, माणसांची डोकीच डोकी. आपल्याला हवं फक्त ‘कल्याण’, फास्ट की स्लो, आणि मिनिटांचा आकडा. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो तो भाग जेमतेम 2 अंशांचा, म्हणजे हात लांब धरल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढा. त्यातही अवधान जिथे असेल तिथल्या संकेतांना मेंदूच्या दृश्यकेंद्रांत जोर मिळतो, बाकीचे दबतात. शेजारची जाहिरात कसली होती, हे नंतर सांगताच येत नाही. सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा 1999 चा प्रयोग प्रसिद्धच आहे: चित्रफितीतल्या चेंडूचे पास मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधून चालत गेलेला, छाती बडवणारा ‘गोरिला’ (म्हणजे गोरिलाच्या वेशातलं माणूस) दिसलाच नाही. त्यांनी काणाडोळा केला म्हणणं म्हणजे निव्वळ आळ. गोरिला त्यांच्या नजरेतून सुटला.

राहता राहिलं दुर्लक्ष. तो कायम दोषच असतो असं नाही. ‘त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष कर’ हा सल्ला आपण रोज देतो. पण ‘दुर्लक्ष केलं’ म्हटलं की त्यात हेतू येतो आणि ‘माझं दुर्लक्ष झालं’ म्हटलं की कबुलीजबाब. मेंदूच्या गाळणीला दोन्ही नेमके बसत नाहीत.

त्यापेक्षा ‘लक्ष’ची क्रियापदं बघा. लक्ष आपण देतो. अचानक लुकलुकलेला दिवा ते वेधून घेतो. मानसशास्त्रातला ऐच्छिक आणि अनैच्छिक अवधानाचा भेद मराठीत असा क्रियापदांतच आहे. (‘अवधान’ पाठ्यपुस्तकात शोभतं, वर्तमानपत्रात ‘लक्ष’ पुरे.) मी ते वाक्य असं लिहीन: ‘एका गोष्टीकडे नीट लक्ष दिलं की आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टींकडे आपलं लक्षच जात नाही.’