वहीच्या पानाखालचा केस

“मॅडम, हाडं कडाकडा मोडायला शिकायचं म्हणून एवढे पैसे घालून परदेशी जायचं? आमच्याकडं हाडवैद्य एका नारळाच्या मोबदल्यात हाड बसवून देतो.” सांगलीच्या एका सराफांनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे ऐकवलं. शेजारी त्यांची मुलगी मृण्मयी (नाव बदललं आहे) मान खाली घालून बसली होती. बारावी सायन्स झालेली, नीटचे गुण मेडिकलला पुरणारे नव्हते. वर्षभर मोबाइलवर कायरोप्रॅक्टरची, म्हणजे पाठीच्या कण्यावर, सांध्यांवर हातानं उपचार करणाऱ्यांची रील्स बघून हेच करायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हे खरं शिक्षण आहे का आणि परत आल्यावर पुढं काय, या दोन प्रश्नांनी हल्ली बरेच आईवडील हैराण होऊन करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात. पण त्या दिवशी मला धास्ती वाटली ती मृण्मयीच्या फाइलमधल्या एका माहितीपत्रकाची. पाच दिवसांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. वडिलांचा कल तिकडेच होता, स्वस्तात भागतंय म्हणून.

मी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची २००५ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली. कायरोप्रॅक्टर होण्यासाठी चार वर्षं पूर्णवेळ, निदान ४२०० तास शिक्षण आणि त्यात १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट. सराफांनी मनात भागाकार केला असावा, कारण पाच दिवसांचं माहितीपत्रक त्यांनी स्वतःच उलटं करून ठेवलं.

मृण्मयीला ब्रिटनला जायचं होतं. तिथं बोर्नमथला १९६५पासून हे शिकवतात, कार्डिफजवळ ट्रेफॉरेस्टला साऊथ वेल्स विद्यापीठातही. चार वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, मज्जासंस्था, एक्स-रे वाचणं आणि शेवटी विद्यापीठाच्याच क्लिनिकमध्ये खरे पेशंट. १९९४च्या कायद्यानं तिथं ‘कायरोप्रॅक्टर’ हे नाव राखीव आहे. जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव नसताना ते लावणं गुन्हा ठरतो.

मग मी टेबलावरची वही उघडली. बोर्नमथला शिकून आलेल्या एका विद्यार्थ्यानं मला हा सराव दाखवला होता. मृण्मयीला तिच्या डोक्याचा एक केस मागितला, तो पानाखाली ठेवला आणि डोळे मिटून बोटानं शोधायला सांगितलं. मग दोन पानं, मग चार. सहाव्या पानाला ती अडली. वडिलांनी वही स्वतःकडं ओढली. चाळीस वर्षं सोन्यावर फिरलेली बोटं, त्यांना आठ पानांखालचा केस सापडला. “हे शिकायचं असतं?” त्यांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. मी म्हटलं, हे पहिल्या वर्षात. हात कधी लावायचा नाही, ते त्यापुढं.

गोड गोड बोलून त्यांना पाठवणं मला पटलं नसतं. भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, म्हणजे इथं परत येऊन पाटी लावायची तर पाठीशी रजिस्टर नसणार. ब्रिटनमध्येही बरेच जण खाजगी क्लिनिकमध्ये स्वतंत्रपणे काम करतात. नोकरीच्या व्हिसाला मात्र नोकरी देणारा लागतो. कर्ज काढायच्या आधी याचं उत्तर घरात ठरलं पाहिजे, असं मी बजावलं.

विषयातल्या वादाबद्दलही बोलले. डी. डी. पामर यांनी १८९५मध्ये अमेरिकेत ही विद्या सुरू केली ती ‘मणका सरकला की आजार होतो’ या कल्पनेवर. त्या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही, हे ब्रिटनच्या कौन्सिलनंच २०१०मध्ये सांगितलं. कंबरदुखीत हातांच्या उपचारांना तिथं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१६मध्ये जागा दिली, तीही व्यायामाच्या जोडीनं. मानेला झटका दिल्यावर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. मृण्मयीचा चेहरा उतरला. उतरायलाच हवा होता. रील्समध्ये हे कुणी सांगत नाही.

मी तिला दोन महिने ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे बसायला पाठवलं. गुडघे धरून आलेल्या आज्या, रोज तोच व्यायाम, महिन्यानं थोडासा फरक. यातून मन उडालं तर इथंच बीपीटीचा (फिजिओथेरपीच्या पदवीचा) किंवा दुसरा काही विचार करू, असं ठरलं होतं. तिचं मन उडालं नाही. परत आली ती वहीभर प्रश्न घेऊन. वडिलांनी नोकरी न मिळण्याची शक्यता धरून हिशेब केला आणि ती वेल्सला गेली.

गेल्या हिवाळ्यात ती शेवटच्या वर्षाला, क्लिनिकमध्ये होती. एक बाई कंबर धरून आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, दोन दिवस लघवी नीट होत नाही, बसायची जागा बधिर वाटते. मृण्मयीनं त्यांना टेबलावर झोपवलंच नाही. लगेच सरांना बोलावलं आणि बाईंना थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पाठवलं. कण्याच्या तळाच्या मज्जातंतूंवर दाब आला की अशी लक्षणं दिसतात, आणि तेव्हा तासातासाला किंमत असते.

हे मला तिच्या वडिलांनी फोन करून सांगितलं. पेढीवरूनच बोलत होते, मागं गिऱ्हाइकांचा गलका. “मॅडम, पोरीनं हात लावला नाही,” हे त्यांनी दोनदा सांगितलं.