वाचकांचे प्रश्न : एट्रुस्कन घळींतली पायवाट

रोमच्या उत्तरेला, लाझिओ आणि दक्षिण टस्कनीत, ओढ्यांनी कापलेल्या रानघळी आहेत आणि त्यांच्या कड्यांत एट्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमन सत्तेपूर्वी इथे नांदलेल्या लोकांनी, कोरलेली थडगी आहेत. तिकडे पायी फिरायला निघालेल्या वाचकांच्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नकाशावर जुने शहर एकीकडे आणि थडगी ओढ्यापलीकडे दिसतात. जागेवर गेल्यावर काय कुठे शोधायचे?

आधी खडक समजून घ्या. हा मुलूख बोल्सेना, विको आणि ब्राच्चानो या तळ्यांभोवतीच्या जुन्या ज्वालामुखींनी घडवला. त्यांनी ओकलेली राख थरावर थर बसून घट्ट झाली, तोच टफ. तो इतका मऊ की लोखंडी टिकावाने कापता येतो, पण कापल्यावर उभा राहतो. ओढे त्यातून सरळ खाली कापत गेले. म्हणून वर सपाट पठार, बाजूंना उभे कडे आणि तळाशी अरुंद घळ अशी रचना तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल.

दोन ओढे जिथे मिळतात तिथे पठाराचे एक टोक उरते. त्याला तीन बाजूंनी कडा आयताच मिळतो. चौथ्या बाजूला आडवा चर खणला की गाव सुरक्षित. सान जुलिआनो, ब्लेरा, नॉर्किया ही सगळी ठिकाणे अशीच वसली. जिवंत माणसे टोकावर, मृत समोरच्या कड्यात. तेव्हा नकाशावर आधी संगम शोधा, टोक ओळखा, मग ओढ्यापलीकडचा कडा नजरेने चाळा. झाडीतून एखादी सरळ आडवी रेघ किंवा काटकोन दिसला तर तिथे माणसाचा हात लागला आहे.

नॉर्किया आणि कास्तेल दास्सो इथे दर्शनी भागावर कोरलेला दरवाजा पाहून बरेच जण तिथेच चाचपडतात. तो दरवाजा खोटा आहे. नीट पाहा : चौकटीची वरची पट्टी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, चौकट वर निमुळती होत गेलेली, आणि आत नुसता सपाट दगड. खरी वाट त्याच्या बरीच खाली असते, जमिनीत उतरत जाणारा अरुंद बोळ. तो अनेकदा माती आणि पाचोळ्याने अर्धा भरलेला असतो. बाजूला कड्यातच कोरलेल्या पायऱ्या दिसल्या तर त्या वरच्या सपाटीवर जातात, तिथे मृतांसाठीचे विधी होत. काळाचा ढोबळ अंदाजही आकारावरून बांधता येतो : मातीचा गोल ढिगारा असेल तर बहुधा इ.स.पू. 7वे-6वे शतक, कड्यातून सुटा काढलेला चौकोनी ठोकळा असेल तर 6व्या शतकापासून पुढे, आणि उंच सजवलेले दर्शनी भाग मुख्यतः 4थ्या-3ऱ्या शतकातले.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे?

चालायला एप्रिल ते जूनचा मध्य उत्तम. पण थडगी पाहणे हाच मुख्य हेतू असेल तर आमचे मत मार्चच्या बाजूने पडते : पाने फुटलेली नसतात आणि कडे उघडे दिसतात. त्या बदल्यात ओढ्यांना पाणी जास्त असते आणि दिवस लहान. तिकडच्या उन्हाळ्यात काटेरी झुडपे वाटा गिळून टाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर ऊन भाजून काढते. घळीत मात्र गारवा आणि ओल टिकून असते, नेचे दाट वाढतात. वर ओक आणि खाली थंड हवेतली झाडे, अशी इथली झाडी डोंगरातल्या नेहमीच्या क्रमाच्या उलट लागते.

प्रश्न : गाडी नाही. रोममध्ये राहून एका दिवसात काय जमेल?

चेर्वेतेरी. मेट्रोच्या ए मार्गावरच्या कोर्नेलिया स्थानकापासून कोत्राल या प्रादेशिक बससेवेची बस गावात सोडते. तिथून बांदिताच्चाचे दफनक्षेत्र साधारण 2 किलोमीटर, चालत जा. तारक्विनियाच्या एट्रुस्कन दफनक्षेत्राबरोबर हे ठिकाण 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. सोमवार टाळा, त्या दिवशी सहसा बंद असते. कुंपणातली थडगी पाहून झाली की घाईने परतू नका. बाहेरच्या बाजूला व्हिया देल्यी इन्फेरी ही टफमध्ये खोल कापलेली जुनी वाट आहे, दोन्ही बाजूंना थडग्यांची दारे. घळीत चालणे म्हणजे काय याची पहिली ओळख तिथे होते.

दुसरा पर्याय वेयो हे जुने एट्रुस्कन शहर. एफएल3 या उपनगरी रेल्वेमार्गावरच्या ला स्तोर्ता स्थानकावर उतरून शेजारच्या इझोला फार्नेझे गावापर्यंत चालत जाता येते. वेयो रोमनांनी इ.स.पू. 396 मध्ये घेतले. इथला पोंते सोदो जरूर पाहा : खडकातून बोगदा कोरून ओढाच त्यातून वळवला आहे.

बार्बारानो रोमानो (सान जुलिआनोजवळचे गाव) किंवा नॉर्कियासाठी मात्र एक मुक्काम वितेर्बो शहरात करा. रविवारी गावांकडच्या बस अगदी थोड्या असतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच पाहून ठेवा आणि परतीचे तिकीटही तेव्हाच घ्या. ते तंबाखूच्या दुकानात मिळते आणि दुपारी दुकान बंद असू शकते.

प्रश्न : सह्याद्रीत वापरतो ते बूट चालतील? ओढे किती अवघड आहेत?

खोल खाचांचा रबरी तळवा असेल तर चालतील. फरक खडकात आहे. सह्याद्रीतल्या बसाल्टची कड पाय धरून ठेवते. टफची कड पायाखाली चुरते आणि ओल्या टफवर शेवाळाचा पातळ थर असतो. घसरणारे बहुतेक जण चढताना नाही, कोरीव पायऱ्या उतरताना घसरतात, कारण त्या पायऱ्या मधोमध झिजून बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात. पाऊल कडेला, भिंतीच्या बाजूला ठेवा. कड्याच्या टोकावर उभे राहून खाली वाकू नका. खालून पोखरलेले असेल तर वरून कळत नाही.

ओढा ओलांडताना सर्वांत अरुंद जागा शोधण्याचा मोह होतो. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. रुंद, उथळ, खडेवाळूची जागा निवडा. सॅकचा कमरपट्टा सोडा, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेका, एका वेळी एकच पाय उचला. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ झाले असेल तर परत फिरा. दूर डोंगरात वादळ झाले की इथे आभाळ निरभ्र असतानाही ओढा फुगतो.

वेळेचा हिशेब ताशी 2 किलोमीटरने करा. नकाशावर जे अंतर अर्ध्या तासाचे वाटते त्यात दोन उतार, दोन चढ आणि पडलेली झाडे असतात. पाणी माणशी दोन लिटर सोबत ठेवा. ओढ्याचे पिऊ नका. वर शेते, हेझलनटच्या बागा आणि मेंढ्यांची कुरणे आहेत.

प्रश्न : फोनवरचा नकाशा घळीत चुकीची जागा दाखवतो. असे का?

तळाशी आकाशाची पट्टीच अरुंद, त्यात उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात. ठिपका पन्नास मीटर सरकला तर तो पलीकडच्या काठावर जातो आणि तुम्ही चुकीचा ओढा ओलांडता. उतरण्यापूर्वी पठारावर थांबून तीन गोष्टी लक्षात ठेवा : ओढा कोणत्या बाजूला वाहतो, तुम्ही कितव्या फाट्यावर आहात, आणि बाहेर पडायची वाट कोणत्या काठावर आहे. लाल-पांढऱ्या खुणा असतील तर शेवटची खूण जिथे दिसली तिथपर्यंत परत या, पुढे अंदाजाने जाऊ नका. मदतीचा क्रमांक 112. खाली सिग्नल नसतो, म्हणून एकट्याने उतरू नका आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवा.

प्रश्न : उघड्या थडग्यात आत जाणे सुरक्षित आहे का?

कुंपण किंवा बंदीची पाटी असेल तर जाऊच नका. एरवी डोक्यावरचा दिवा लावून दारातच अर्धा मिनिट थांबा आणि आधी जमीन पाहा : शेजारच्या किंवा खालच्या कोठडीत उघडणारी भोके असतात. मग छत पाहा. नुकतीच पडलेली, ताज्या रंगाची टफची ढेप जमिनीवर दिसली तर बाहेर या. वटवाघळे असतील तर दिव्याचा झोत खाली वळवून निघा. छत बघायला आणखी एक कारण आहे : अनेक कोठड्यांत मधली तुळई आणि उतरती वासेरचना दगडातच कोरली आहे. एट्रुस्कन घरे बहुतांशी लाकूड-मातीची होती, ती राहिली नाहीत. ती आतून कशी होती हे या थडग्यांनीच आपल्यापर्यंत पोचवले.

सान जुलिआनोत हरणाचे थडगे शोधा. पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीवर एक छोटे उठावचित्र आहे, हरीण आणि त्याच्या अंगावर येणारे श्वापद. सकाळच्या तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. हात लावू नका, पृष्ठभाग भुसभुशीत आहे.

प्रश्न : दक्षिण टस्कनीतल्या पितिल्यानो आणि सोवानाच्या खोल वाटा एवढ्या खोल का?

या ‘व्हिये कावे’ काही ठिकाणी 20 मीटरहून खोल आहेत. त्या विधींसाठी होत्या असे काही अभ्यासक मानतात. आम्हाला घळीतून पठारावर चढणारा रस्ता हे कारण जास्त पटते. मऊ तळ पाण्याने आणि वर्दळीने झिजला की लोक तो पुन्हा खोदून सपाट करत. त्यामुळे भिंतीवरच्या टिकावाच्या खुणा डोक्याच्या कितीतरी वर दिसतात. पावसानंतर लगेच जाऊ नका, वरून झाडे आणि दगड येतात आणि नगरपालिका काही वाटा बंद ठेवते. आधी पर्यटन कार्यालयात विचारा.

प्रश्न : शिकार, कुत्री, गोचीड?

शिकारीचा हंगाम सर्वसाधारणपणे सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून 31 जानेवारीपर्यंत. मंगळवारी आणि शुक्रवारी इटलीभर शिकारीला मनाई असते. त्या दिवशी जा किंवा मार्तुरानमसारख्या संरक्षित उद्यानात जा. भडक रंगाचे कपडे घाला. कळपाची पांढरी कुत्री भुंकत आली तर धावू नका, काठी उगारू नका. थांबा आणि कळपाला मोठा वळसा घाला. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा; तेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरले किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वाटेत मातीच्या भांड्याचा तुकडा सापडला तर ठेवता येईल?

नाही. जमिनीतले पुरावशेष इटलीच्या कायद्याने सरकारचे असतात, छोटा तुकडासुद्धा. शिवाय तो कुठे पडला होता यातच त्याची निम्मी माहिती असते. जागेवरच राहू द्या, फोटो घ्या, ठिकाण नोंदवा. वस्तू महत्त्वाची वाटली तर 24 तासांच्या आत नगरपालिकेला किंवा पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ताजा खड्डा आणि शेजारी मातीचा ढीग दिसला तर तो थडगी लुटणाऱ्यांचा असू शकतो. तिथे थांबू नका; पठारावर येऊन 112 ला फोन करा.