तयार किट की सोसायटीचा पंप?

प्रश्न : आम्ही चौघे विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रकल्पासाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तयार किट आणावे, की सोसायटीच्या पंपाचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारावा?
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : पंपच घ्यावा. किट चालते, पण तोंडी परीक्षेत ‘हाच कपॅसिटर का?’ असे विचारले की गाडी अडते. २३० व्होल्टवर १.५ किलोवॅट घेणारा पंप ०.७ पॉवर फॅक्टरला सुमारे ९.३ अँपिअर प्रवाह ओढतो. साधारण १ केव्हीएआरचा (अशा कपॅसिटरची क्षमता सांगणारे एकक) कपॅसिटर समांतर जोडून पॉवर फॅक्टर ०.९५ वर नेल्यास प्रवाह ६.९ अँपिअरपर्यंत उतरतो. लॅमिंग्टन रोडला जायचेच आहे, पण आकडेमोड झाल्यावर, यादी हातात घेऊन. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरत असल्याने त्याला डिस्चार्ज रेझिस्टर अवश्य लावावा.